शेजारी उभे राहण्याची पद्धत

बाबांनी ढाल निवडली आणि तिथेच सगळे बिघडले. तलवार निवडली असती, कुऱ्हाड निवडली असती, अगदी साधा सोटा निवडला असता तरी निभावून गेले असते. पण हातात पेन्सिल घेऊन आठवडाभर नियमांचे पुस्तक वाचल्यावर त्यांनी चष्मा काढला, काचा पुसल्या आणि अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष वाचून दाखवावा तशा आवाजात जेवणाच्या टेबलाशी सांगितले, "मी ढाल घेतो."

"अजून एकदा विचार करा, बाबा," त्यांची लेक म्हणाली. गेल्या कित्येक दिवसांत ती त्यांच्याशी बोललेले हे सर्वांत लांबलचक वाक्य होते. ते ऐकून बाबांना इतके बरे वाटले, की त्यातला सल्ला ऐकायचा राहूनच गेला.

लेकीचे घरातले नाव बबडी. रविवारी दुपारी जेवणाचे टेबल आवरले, की तिथे तिची मित्रमंडळी जमत आणि कागद, पेन्सिल व फाशांचा एक खेळ चाले. खेळात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे. कुणी चोर, कुणी जादूगार, कुणी योद्धा. सूत्रधाराने गोष्ट सांगायची आणि मध्येच थांबून विचारायचे, 'आता तू काय करतोस?' जे करायचे ते तोंडाने सांगायचे आणि ते जमले की फसले हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचे. सूत्रधार होती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात बसणारी मुलगी, बबडीची शाळेपासूनची मैत्रीण. ज्या शांतपणे ती गिऱ्हाइकाला 'जेवणानंतर घ्या' म्हणे, त्याच शांतपणे ती इथे 'तुमचा डावा हात तुटला' म्हणे. जादूगार होता लांबू. तो बँकेत रोखपाल होता आणि पिंजऱ्याच्या खिडकीतून बोलायला सतत वाकून वाकून त्याला थोडे पोक आले होते. चौथा जो योद्धा होता त्याची बदली झाली आणि खेळ अडला.

बाबा तेव्हा पाणी प्यायला म्हणून तिथे आले होते. पाणी पिऊन झाले तरी ते गेले नाहीत.

"त्या योद्ध्याला काय काय यावं लागतं?" त्यांनी विचारले.

"विशेष काही नाही, काका," लांबू म्हणाला. "सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं आणि मार खायचा."

"मग मला जमेल. मी सरकारी नोकरीत आहे," बाबा म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

सगळ्यांनी बबडीकडे पाहिले. ती थोडा वेळ पेन्सिलीला टोक करत बसली. मग म्हणाली, "येऊ देत."

बबडी बापाशी अबोला धरून होती त्याला कारण होते. बाबा लिफ्ट तपासणारे इन्स्पेक्टर. इमारतीइमारतींत जाऊन दोर, चाके, दारांची कुलुपे बघायची आणि सही द्यायची किंवा सील ठोकायचे, हे त्यांचे काम. बबडीला दुसऱ्या शहरात नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती. तिने तिथे सहाव्या मजल्यावर एक खोलीही पाहून ठेवली होती, खिडकीतून नदी दिसणारी. बाबांनी घरी कुणाला न सांगता रजा टाकली, त्या शहरात गेले आणि त्या इमारतीची लिफ्ट पाहिली. दोराचे धागे सुटले होते. बाबांनी तिथल्या ओळखीच्या इन्स्पेक्टरला फोन केला. संध्याकाळपर्यंत लिफ्टला सील लागले, सहा मजले माणसे जिना चढू लागली, आणि हे कुणाच्या वडिलांचे कर्तृत्व आहे ते कळल्यावर मालकाने बबडीला सांगितले, की खोली दिलेली नाही असे समजा. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्या पोरीची गत झाली.

"दोर खरंच खराब होता," बाबा म्हणाले होते.

"मी जिन्यानं गेले असते," बबडी म्हणाली होती. त्यानंतर तिने दुसरी खोली शोधली. तिचा पत्ता आईला माहीत होता. बाबांना नव्हता. जायच्या दिवशी सोडायला फक्त आई येईल, असेही तिने सांगून टाकले होते. तो दिवस महिन्यावर आला होता. तेव्हा बाबांच्या वाट्याला काय उरले होते, तर तिच्या समोर टेबलाशी बसायचे हे थोडेसे रविवार. ते गेले तर सगळेच गेले, हे त्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी नियमांचे पुस्तक एवढ्या जिवापाड वाचले.

पुस्तकात योद्ध्याने लढायची एक पद्धत निवडायची होती आणि पर्याय बरेच होते. बाबांनी एकेक पर्याय तपासून नापास केला. दोन हातांत दोन तलवारी. "दोन्ही हात अडकलेले. पडायची वेळ आली तर कठडा कशानं धरणार?" दोन्ही हातांनी फिरवायची मोठी कुऱ्हाड. "आजूबाजूच्या माणसांचं काय?" एका हातात एकच पातळ तलवार आणि दुसरा हात मोकळा. "मोकळा कशासाठी, ते पुस्तकात दिलेलंच नाही." धनुष्यबाण. "लांबून बाण सोडायचे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. ते आमच्या मोठ्या साहेबांचं काम." मग ढालीचे पान आले. तुमच्या शेजारच्या चौकोनात उभ्या असलेल्या सोबत्यावर शत्रूने वार केला, तर तुम्ही ढाल मध्ये घालायची. मग शत्रूला फासा दोनदा टाकावा लागतो आणि त्यातला वाईट आकडा धरतात. अट एकच, की सोबती अगदी शेजारी हवा. या ओळींखाली बाबांनी रेघ ओढली. मग त्याच रेघेवर दुसरी रेघ ओढली.

नुसते वाचून भागेना म्हणून त्यांनी प्रत्यक्ष करूनही पाहिले. डाव्या हातात मोठ्या पातेल्याचे झाकण, उजव्या हातात छत्री. आईला म्हणाले, "तू फक्त नेहमीसारखी वावर." आई फ्रिजकडे गेली, बाबा शेजारी. आई ओट्याकडे वळली, बाबा वळले आणि झाकणाने साखरेचा डबा खाली आला. आई डबा उचलायला वाकली, तेव्हा तिच्या डोक्यावर काही पडू नये म्हणून बाबांनी झाकण वर धरले आणि ते दिव्याला लागले.

"अहो," आई अंधारात म्हणाली, "मला कुणी मारत नव्हतं."

"मी होतो म्हणून," बाबा म्हणाले.

पहिल्या रविवारी तिघे एका किल्ल्याच्या तटाखाली पोचले. चौकटींच्या कागदावर लांबूचा जादूगार म्हणजे एक खोडरबर होते, बबडीचे पात्र म्हणजे पेनाचे निळे टोपण, आणि बाबांनी स्वतःसाठी हत्यारांच्या पिशवीतून एक पितळी नट आणला होता. बबडीचे पात्र चोराचे होते. तिला त्या खेळात 'काळी सावली' म्हणत आणि तिच्या नावाने तीन राज्यांत घरांना दुहेरी कड्या लागत.

"मी दोर टाकते आणि आवाज न करता तट चढते," बबडी म्हणाली.

बाबांनी नट टोपणाला खेटून ठेवला. "मी हिच्या शेजारी."

"काका, ती दोरावर आहे," सूत्रधार म्हणाली.

"दोर केवढा जाड आहे?"

"अंगठ्याएवढा असेल."

"शेवटचा कधी तपासलेला?"

सूत्रधाराने पुस्तकाची चार पाने पुढे, चार मागे केली. एवढ्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "जुना आहे," ती शेवटी म्हणाली.

"मग मी खाली थांबून चालायचं नाही. मीपण चढतो. ही पडलीच तर ढाल मध्ये घालता येईल."

"तुमच्या अंगावर लोखंडी चिलखत आहे, काका."

"ते चांगलंच आहे."

फाशावर तीन पडले. बाबा निम्म्या तटावरून खाली आले, आणि भांड्यांचे दुकान जिन्यावरून गडगडत यावे तसा आवाज झाला, असे सूत्रधाराने सांगितले. सगळा किल्ला जागा झाला. लांबूला आपला वर्षभर राखून ठेवलेला मोठा मंत्र पहिल्याच दिवशी खर्च करावा लागला.

दुसऱ्या रविवारी बबडीला एका खानावळीत शत्रूचा फितूर गाठायचा होता. अंधारा कोपरा, एकच मेणबत्ती, दबक्या आवाजात बोलणे. फितूर आता राजवाड्याची गुप्त वाट सांगणार, तेवढ्यात बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "मी हिच्या शेजारी बसतो."

"ढाल घेऊन?"

"मांडीवर."

सूत्रधाराने फितुराचा घोगरा आवाज काढला. "हा कोण?"

"मी हिचा बाप," बाबा म्हणाले.

"काका," सूत्रधार आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुमचं पात्र उत्तरेकडचा भाडोत्री योद्धा आहे. तुमची आणि हिची ओळख परवाच झालीय."

"असेल. पण बबडे, या माणसाची नजर मला बरी वाटत नाही."

आपण ज्या काळ्या सावलीशी बोलतो आहोत तिला बबडी म्हणतात, हे कळल्यावर फितूर खिडकीतून उडी टाकून पळाला. बबडीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. बाबांना वाटले, तिला गहिवरून आले.

त्यानंतरच्या रविवारी आणखी एक गोष्ट उघडी पडली. ढाल एकच होती आणि ती कायम एकाच चौकोनाशेजारी असे. त्यामुळे शत्रू, मग तो माणूस असो की राक्षस, सरळ खोडरबराकडे जाई. लांबूच्या जादूगाराला भाल्याने भोसकले, गदेने ठेचले, एकदा तर एका रानडुकराने लोळवले.

"काका," लांबू अजिजीने म्हणाला, "एकदा माझ्याही शेजारी उभे राहा. मीही कुणाचा तरी मुलगा आहे."

बाबांना मनापासून वाईट वाटले. त्यांनी बिस्किटांची बशी लांबूकडे सरकवली. नट मात्र जागचा हलला नाही.

त्याच दिवशी कडेलोट झाला. बबडी राजवाड्याच्या दालनात पडद्यामागे लपली होती. पहाऱ्याची तुकडी समोरून जाणार, ती श्वास रोखून उभी, आणि फाशावर एकोणीस पडलेले, म्हणजे खुद्द राजाने पडद्याला हात लावला असता तरी ती सापडली नसती. पण पडद्याच्या बाहेर, तिच्या शेजारच्या चौकोनात, चिलखत घातलेला एक इसम ढाल धरून उभा होता. पडद्यामागे कोण आहे हे पहाऱ्याला विचारावेसुद्धा लागले नाही. तिघेही पकडले गेले. बबडीची सगळी हत्यारे, दोर, किल्ल्यांचा जुडगा आणि तीन राज्यांतला दबदबा जप्त झाला.

बबडीने पेन्सिल खाली ठेवली. आवाज मुळीच चढवला नाही. "बाबा, एकतर लढायची पद्धत बदला, नाहीतर खेळ सोडा."

"मी फक्त तुझ्या शेजारी उभा होतो."

"तेच म्हणतेय मी."

संध्याकाळी आई गच्चीत वाळलेले कपडे काढत होती. बाबा तिच्या हातातले चिमटे घेत उभे राहिले. आई इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना 'हलू नका' सांगून घरी आली, की ती फारसे बोलत नसे.

"म्हणजे मी आता काय करायचं?" बाबा म्हणाले. "पोरगी मार खात असताना लांब उभं राहून बघायचं?"

"मी रोज तेच करते."

"तुझं वेगळं."

"काही वेगळं नाही. लहान मूल आलं की त्याची आई म्हणते, मी त्याचा हात धरून उभी राहते. मी नको म्हणते, तरी कुणीतरी ऐकत नाहीच. मग फोटोत काय येतं? आईच्या बोटांची हाडं. मुलाचं दुखतंय कुठे ते दिसतच नाही." तिने चादरीचे एक टोक त्यांच्या हातात दिले. "काचेमागं उभं राहिलं की माया कमी होते, असं मला अजून तरी कळलेलं नाही. ओढा जरा, चुण्या पडतायत."

बाबांनी चादर ओढली. त्यांना लिफ्टबद्दल पुन्हा एकदा सांगायचे होते, की दोर खरेच खराब होता. पण ते आईला माहीत होते. बबडीलाही माहीत होते. फक्त त्याने काही फरक पडत नव्हता, हे त्या दिवशी पहिल्यांदा बाबांच्या लक्षात आले आणि त्यांना फार एकटे वाटले.

पुढच्या रविवारी त्यांनी सूत्रधारापुढे आपला कागद ठेवला. ढाल खोडलेली होती. इतकी खोडली होती, की कागदाला भोक पडले होते. "धनुष्य," ते म्हणाले.

"धनुष्याला चिलखत चालणार नाही, काका. अंगावर फक्त कातडी बंडी."

"चालेल."

"आणि शत्रू अगदी जवळ आला तर बाण सोडताना फासा दोनदा टाकावा लागेल. वाईट आकडा धरायचा."

"वाचलंय मी," बाबा म्हणाले आणि पितळी नट उचलून कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

तो रविवार त्यांना फार जड गेला. सूत्रधाराने 'काका, तुम्ही?' विचारले, की ते 'मी इथेच' म्हणत आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसत. पण तिथून त्यांना एक गोष्ट दिसली, जी शेजारून कधी दिसली नव्हती. बबडी खेळात भलतीच तयार होती. तुरुंगातून ती बुटाच्या बंदाने कुलूप काढून सुटली आणि बाकी दोघांनाही सोडवले. पहारेकऱ्याशी त्याच्याच मामेबहिणीच्या आवाजात बोलली. सज्ज्यावरून सज्ज्यावर गेली आणि मध्ये एकदाही खाली पाहिले नाही. बाबांनी दिवसभरात दोन बाण सोडले, दोन्ही दिव्यांवर, तिला अंधार मिळावा म्हणून. दुसरा दिवा विझला तेव्हा बबडीने कागदावरची मान वर न करता म्हटले, "छान." रात्री जेवताना बाबांनी भाजी दोनदा वाढून घेतली. भाजी खारट झाली होती, हे त्यांना कळलेही नाही.

मग शेवटचा रविवार आला. गुरुवारी सकाळी बबडी जाणार होती. तिच्या दोन बॅगा टेबलाजवळच भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि खेळताना सगळ्यांचे पाय त्यांना लागत होते.

त्या दिवशी राजाची मोहर पळवायची होती आणि बबडीने ती पळवलीही. अडचण आली ती बाहेर पडताना. लांबू खालचे दार मंत्राने धरून उभा. बबडी दालनाच्या मध्यावर, मोहर कंबरेला, आणि पहाऱ्याचा कप्तान तिच्या मागे. बाबा पार टोकाच्या सज्ज्यात, पाठीला भिंत. तेवढ्यात बाजूच्या जिन्यावरून एक पहारेकरी वर आला आणि थेट बाबांच्या अंगावर गेला. अंगात कातडी बंडी होती. सूत्रधाराने फासा टाकला आणि म्हणाली, "काका, तुम्ही निम्मे संपलात."

"बबडी, तू खिडकीतून निघ," लांबू म्हणाला. "मोहर गेली की आपण जिंकलो."

बबडी खिडकीकडे बघत होती. खिडकी दोन चौकोनांवर होती. मग तिने निळे टोपण उचलले आणि कागदाच्या दुसऱ्या टोकाला, पितळी नटाला खेटून ठेवले. "मी बाबांच्या शेजारी."

"उपयोग नाही," सूत्रधार म्हणाली. "तुझ्याकडे ढाल कुठाय?"

"माहीत आहे. तरी."

तिने त्या पहारेकऱ्याला जिन्यावरून ढकलून दिले, हे खरे. पण ती जिथे जाईल तिथे कप्तान जाणारच होता. तो सज्ज्यात आला. आता कप्तानाच्या पुढ्यात ती, तिच्या शेजारी बाबा, दोघांच्या मागे भिंत, आणि धनुष्य काही कामाचे राहिले नाही. बाबांनी फासा दोनदा टाकला. पहिल्यांदा अठरा पडले. दुसऱ्यांदा दोन पडले आणि दोनच धरायचे होते. बाण छतात घुसला.

"अगं, तू इकडे कशाला आलीस?" बाबा वैतागून म्हणाले.

"तुमच्या अंगावर चिलखत नाही."

"म्हणून? तू आलीस म्हणून हा कप्तान इथे आला. तिकडून मी त्याला अलगद टिपला असता. मला जे येतं ते तरी मला करू दे की. सारखं काय येऊन शेजारी उभं राहायचं माणसाच्या?"

लांबूचे बिस्कीट तोंडाजवळ जाऊन थांबले. आई दारात नॅपकिनला हात पुसत उभी होती, तिचे हात पुसायचे थांबले. बाबांना आपले शब्द ऐकू आले, पण जरा उशिरा, जसा लांबच्या धोबीघाटावरचा आवाज धोपटणे दिसून गेल्यावर येतो. त्यांनी बबडीकडे पाहिले. ती हसत नव्हती. नुसती बघत होती.

बाबांनी चष्मा काढून पुन्हा घातला. "मला एक सांग," ते सूत्रधाराला म्हणाले. "मी इथून लांब गेलो तर?"

"शत्रूच्या शेजारून निघालात की त्याला तुमच्या पाठीवर एक फुकटचा वार मिळतो."

"एकच?"

"एकच. तो एकदा वापरला, की मग दुसरं कुणी निसटलं तरी त्याला काही करता येत नाही."

"म्हणजे आधी मी निघालो तर हिला वाट मिळते."

"मिळते," सूत्रधार म्हणाली. औषधाच्या दुकानात तिचा आवाज कधी असा हळवा होत नसे. "पण काका, तुमच्यात फार काही उरलेलं नाही."

"बाबा, नको," बबडी म्हणाली.

"मी लांब जातो," बाबा म्हणाले आणि नट एक चौकोन सरकवला.

कप्तानाच्या फाशावर वीस पडले. सूत्रधाराने वर्णन थोडक्यात आटोपले. बाबांनी नट आडवा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि विचारले, "आता मी काय करायचं?"

"आता काही नाही. मेलेल्यानं बोलायचं नाही. सल्ला तर अजिबात नाही, खाणाखुणासुद्धा नाहीत. ती जिंकेपर्यंत किंवा मरेपर्यंत नुसतं बसायचं."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," आई दारातून म्हणाली. "मेल्यावर तरी जाते का, ते आज कळेल."

बबडी निसटली. दालनातून गच्चीवर, गच्चीवरून मागच्या तटावर. तिथे दोन वाटा होत्या. समोर खंदकावरून जाणारा जुना लाकडी पूल, गंजलेल्या साखळ्यांवर टांगलेला, मधल्या काही फळ्या नाहीत. बाजूला भुयाराचे तोंड, दगडी, कोरडे, पक्क्या पायऱ्यांचे. मागे कप्तानाच्या बुटांचा आवाज.

बबडीने कागदाकडे पाहिले. मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तिने मान वळवली. "बाबा, पुलावरून जाऊ की भुयारातून?"

ज्या प्रश्नासाठी बाबांनी एवढे दिवस जीव टाकला होता, तो प्रश्न असा त्यांच्यापुढे आला. शिवाय तो साखळ्यांचा प्रश्न होता. गंजलेल्या साखळीवर टांगलेल्या फळीवर पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले होते, लिहून दिले होते, सील ठोकून अमलात आणले होते. त्यांचे ओठ हलले.

"काका," सूत्रधार म्हणाली.

बाबा मूग गिळून बसले. त्यांचे कान लाल झाले. एक हात आपोआप वर उठला तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. लांबू म्हणाला, की आपल्या जादूगाराला डुकराने लोळवले तेव्हाही एवढे हाल झाले नव्हते. बबडी बराच वेळ त्यांच्याकडे बघत थांबली. समोरून काही येणार नाही हे कळल्यावर तिने पुन्हा कागदाकडे तोंड केले, पेन्सिल दातांत धरली आणि स्वतःशीच विचार केला.

"पूल," ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. फासा टेबलावर घरंगळला. चौदा. ती पलीकडे गेली आणि तिच्या मागून कप्तान आपल्या माणसांसकट पुलावर आला, तेव्हा साखळ्यांनी जीव सोडला. सगळे खंदकात गेले. मोहर पलीकडे पोचली होती.

"आणि भुयारात काय होतं?" लांबूने विचारले.

सूत्रधाराने आपला कागद उलटा करून दाखवला. भुयारात दुसरी तुकडी बसली होती. तिथून जिवंत कुणी सुटणार नव्हते.

बबडी खुर्चीत मागे टेकली. मग बाबांकडे वळून म्हणाली, "संपला खेळ. आता बोला."

बाबांनी घसा साफ केला. "बरं झालं मी मेलो होतो," ते म्हणाले. "मी जे सांगणार होतो, त्यानं तू मेली असतीस."

बबडी हसली. आधी नुसती नाकातून, मग डोके टेबलावर टेकवून, खांदे गदगदून हसली. त्या हसण्यात शेवटी शेवटी दुसरेही काही होते, पण तिने चेहरा वर केला नाही, आणि बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला. ते आपल्या खुर्चीत बसून राहिले.

थोड्या वेळाने तिने बाहीने डोळे पुसले आणि फासे पिशवीत भरू लागली. "गुरुवारी सकाळी निघायचंय," ती पिशवीत बघत म्हणाली. "आईबरोबर तुम्हीपण या. खोली बघा. पण एक अट आहे. तिथे मेलेले म्हणून यायचं."

बाबांनी तोंड उघडले. मग ते मिटले आणि नुसती मान हलवली.